विंगेतला खोकला

९ जून

ती. ताईस नमस्कार.

काल सायंकाळी सुखरूप घरी पोचलो. गोळ्यांचा डबा मी तुझ्या टेबलावर, चष्म्याच्या शेजारी ठेवला आहे. तो उचलून कपाटात टाकू नयेस. निघताना तू जिन्यावरून विचारलेस, "अरे ऑडिटर, ही तिसरी गोळी आत जाऊन करते काय? की आधीच्या दोघींसारखीच नखरेल?" प्रश्न रास्त होता, पण खाली रिक्षा थांबली होती. म्हणून उत्तर लेखी देतो.

मी वाणिज्य शाखेचा माणूस, शरीरशास्त्र मला ठाऊक नाही. परंतु पाणीपुरवठा कार्यालयाच्या लेखा विभागात उमेदीची सारी वर्षे काढल्याने दाब म्हणजे काय, हे मी अभियंत्यांच्या तोंडून पुष्कळ ऐकले आहे. वाहिनीतला दाब वाढला की ते तीन गोष्टी तपासतात. पाणी जादा झाले आहे काय, नळी अरुंद झाली आहे काय, पंप गरजेपेक्षा जोरात चालतो आहे काय. डॉक्टरांचे बोलणे मी या तीन मथळ्यांखाली मांडून पाहिले आणि ते चपखल बसले.

तुझी पहिली गोळी पाणी कमी करणारी होती. ती मूत्रपिंडांकडून जादा मीठ बाहेर टाकवते आणि मिठामागोमाग पाणीही जाते. नाटकाच्या दुसऱ्या अंकाच्या मध्यावर तुला विंगेतली प्रॉम्प्टरची खुर्ची सोडून धावावे लागे, हा तिचा अवगुण नव्हता. तेच तिचे काम होते. तू ती कोणालाही न सांगता बंद केलीस आणि पडद्याच्या दोरखंडांमध्ये चक्कर येऊन पडलीस. दुसरी गोळी नळी सैल करणारी. रक्तवाहिनीच्या भिंतीतल्या स्नायूला आवळायला कॅल्शियम लागते; ही ते आत शिरू देत नाही, म्हणून वाहिनी सैल राहते. प्रयोगभर पाय लोंबते ठेवून बसणाऱ्या बाईच्या घोट्यांत त्यामुळे सूज उतरली. पंपाची गती उतरवणाऱ्या गोळ्याही आहेत, पण लहानपणी तुला दमा होता आणि त्या गोळ्या श्वासनलिकाही आवळू शकतात, म्हणून डॉक्टरांनी त्या टाळल्या.

आता ही तिसरी. दाब कमी झाला असे मूत्रपिंडांना वाटले की ती रक्तातून एक निरोप धाडतात. तो निरोप दोन-तीन टेबलांवरून पुढे जातो. एका टेबलावर एक एन्झाइम, म्हणजे आपल्या भाषेत एक कारकून, बसलेला असतो. त्याने शिक्का मारला की निरोपाचा हुकूम होतो: वाहिन्या आवळा, मीठ धरून ठेवा. ही गोळी त्या कारकुनाचा हात धरते. हुकूम निघत नाही, वाहिन्या सैल राहतात. मला तर हीच सर्वांत शहाणी वाटली.

तू वजन करायला आतल्या खोलीत गेली होतीस तेव्हा डॉक्टरांनी आणखी एक-दोन बारीकसारीक गोष्टी सांगितल्या. त्या सांगून तुझे डोके शिणवीत नाही.

एकच विनंती. दादाने "आता बरे वाटते" एवढ्यावर गोळ्या सोडल्या होत्या. पुढचे तू त्याच्या उशाशी बसून पाहिले आहेस. माझा सख्खा भाऊ गेला. आतेबहीण मी अशी जाऊ देणार नाही.

तुझा,
धाकटा

---

२२ जून

चिरंजीव ऑडिटरसाहेबांस आशीर्वाद आणि कानाला एक चिमटा.

पत्र मिळालं. नाटक कंपनीत वाचून दाखवलं नाही, कारण मला बी.पी. आहे हे इथे कुणालाच सांगितलेलं नाही. चक्कर आली ती उपासमारीने आली, असं मी व्यवस्थापकाला पटवलंय. त्याला पटलं, कारण जेवणाची व्यवस्था त्याच्याकडे आहे. पण तुझा कारकून मला फार आवडला. डोळ्यांसमोर आला अगदी: टक्कल, बाह्यांना शाई, आणि हात धरला म्हणून चिडलेला.

गोळी चांगली आहे रे. पळापळ नाही, सूज नाही. परवा औषधाच्या दुकानात दाब मोजला तर दुकानदार म्हणाला, "मावशी, तुमचा दाब माझ्यापेक्षा बरा." म्हटलं, तू दुकान विकून विंगेत बस.

आता मी तुला एक गोष्ट सांगते आणि ती तुझ्याजवळच राहू दे. तू मला नेहमी विचारतोस, आता वय झालं, पायांना त्रास होतो, मग खुर्ची का सोडत नाहीस? महाराज विसरायला लागलेत.

ते राजाच्याच भूमिका करत आले म्हणून सगळे त्यांना महाराज म्हणतात, हे तुला माहीत आहेच. त्यांच्या निरोपाचा दौरा चालू आहे. जानेवारीत मोठ्या नाट्यगृहात शेवटचा प्रयोग, मग सत्कार, मग घरी. एवढं नीट पार पडलं पाहिजे. गेल्या वर्षापासून त्यांचे शब्द गळतात. आधी एखादा, आता पानभर. डॉक्टरांना दाखवलंय, त्यांनी जे नाव सांगितलं ते महाराजांच्या बायकोने, वहिनींनी, मला रडत सांगितलं. वहिनी सोडल्या तर हे फक्त मला ठाऊक आहे.

लोकांना वाटतं, प्रॉम्प्टर म्हणजे अंधारात वाचणारी बाई. वाचून काय होतंय? आख्खं वाक्य फेकलं तर नट बावचळतो. त्याचा श्वास बघायचा. श्वास अडला की पहिलं अक्षर द्यायचं, फक्त एक, तेही ओठांवर. उरलेलं तो स्वतः आणतो, आणि त्याला वाटतं आपल्यालाच आठवलं. महाराज स्टेजवर कुठेही असोत, वळताना एकदा माझ्या खुर्चीकडे बघून घेतात. मी दिसले की पुढे चालतात. त्यांनी चारचौघांत शब्द शोधत उभं राहावं, हे मला बघायचं नाही. म्हणून जानेवारीपर्यंत मी खुर्ची सोडणार नाही, आणि तुझी गोळीही.

घशात आठवड्यापासून जरा खवखव आहे. एवढंच.

तुझी,
ताई

---

५ जुलै

ती. ताईस नमस्कार.

तू सांगितलेली गोष्ट माझ्यापाशी सुरक्षित आहे. खरे सांगायचे तर ते वाचून मला प्रथमच उमगले की तू इतकी वर्षे नेमके कोणते काम करीत होतीस. आजवर मीही तुला अंधारात वाचणारी बाईच समजत होतो.

दाबाचे आकडे वाचून समाधान वाटले. घरी पत्नीला सांगितले; ती म्हणाली, "तुमच्या ताईंनी तुमचे ऐकले, ही बातमी वर्तमानपत्रात द्या."

खवखवीबद्दल. विंगेतल्या मखमली पडद्यांत किती धूळ असते, हे मी गेल्या खेपेस पाहिले आहे; तिथे अर्धा तास उभा राहिलो तर माझा कोट पांढरा झाला होता. नाकावर रुमाल बांधून बसावेस आणि प्रयोगाआधी मिठाच्या कोमट पाण्याने गुळण्या कराव्यात. गोळीत खंड नसावा.

तुझा,
धाकटा

---

१९ ऑगस्ट

बाळा,

फोन उचलत नाही म्हणून रागावू नकोस. उचलला की बोलावं लागतं आणि बोललं की खोकला येतो. आणि एकदा आला की थांबत नाही. कोरडा, नुसता. कफ नाही, ताप नाही, घशाच्या खाली कुणीतरी पीस फिरवल्यासारखं होतं. रात्री उशी पाठीला लावून बसते. म्हणून हे लिहिणंच बरं. कागदाला खोकला ऐकू येत नाही.

रुमाल बांधला, गुळण्या केल्या, व्यवस्थापकाच्या मागे लागून पडदे धुऊन घेतले. त्याने खर्चाचं नाव काढलं तेव्हा मी त्याच्या तोंडावरच खोकले. कंपनीच्या डॉक्टरांनी छातीचा फोटो काढला, स्वच्छ. सिरप दिलं, त्याने फक्त झोप येते, आणि झोपलेला प्रॉम्प्टर हा खोकणाऱ्यापेक्षा वाईट. दुसरी काही औषधं चालू आहेत का, असं त्यांनी विचारलं. मी नाही म्हटलं. हो म्हटलं असतं तर बी.पी.चं व्यवस्थापकाच्या कानावर गेलं असतं, आणि खुर्ची गेली असती.

परवाच्या प्रयोगात काय झालं ते ऐक. तिसऱ्या अंकात महाराज मुलाच्या शवापाशी बसतात. बराच वेळ काहीच बोलायचं नसतं. प्रेक्षागृहात कुणी कूस बदलली तरी ऐकू येतं. आणि मला आला. शाल तोंडात कोंबली, तरी आला. लोक हसले. महाराजांनी मान वर केली आणि म्हणाले, "पहारेकऱ्या, तुझी छाती तरी अजून जिवंत आहे." संहितेत नाही असलं काही. हसणारे लोक गप्प झाले, काही रडायला लागले. ज्या माणसाला पाठ केलेलं आठवत नाही, त्याला हे सुचलं कुठून? नंतर मी पाया पडायला गेले तर म्हणाले, "तुझ्या खोकल्याने मला सावरलं. पुढच्या वेळी मात्र जरा बेतानं." हसले. पण वहिनी हसल्या नाहीत.

आता तुला सरळ विचारते. ही गोळी तर नाही ना? खवखव गोळीनंतरच सुरू झाली. आपले डॉक्टर दौरा संपल्याशिवाय भेटायचे नाहीत, आणि त्यांच्याशी बोलला होतास तू. तू जे सांगशील ते मी खरं मानीन. तू आजवर मला चुकीचा आकडा दिलेला नाहीस.

तुझी,
ताई

---

२६ ऑगस्ट

ती. ताईस नमस्कार.

तुझ्या प्रश्नाचे उत्तर नेमके देतो. ही गोळी रक्तवाहिन्यांवर काम करते. घशावर काम करणे हा तिचा हेतू नाही.

हवापालट, दौऱ्यातले पाणी, वय, पडद्यांमागची हवा, अशी खोकल्याची कारणे अनेक असू शकतात. गोळी बंद करणे हा मात्र पर्याय असू शकत नाही. मागील खेपेस तू मनाने निर्णय घेतलास त्याचा परिणाम आपण दोघांनी पाहिला. दादाचे नाव पुन्हा घेत नाही.

वाफ घ्यावी. मध चाटावा. जानेवारी काही फार दूर नाही.

तुझा,
धाकटा

---

३ ऑक्टोबर

बाळा,

तुझं उत्तर मिळालं. तू गोळी नव्हे म्हणालास, म्हणून मी गोळी सोडली नाही. खुर्ची सोडली.

दुसरा मार्ग नव्हता. सलग चार प्रयोगांत खोकले, आणि चौथ्यात ऐन वेळी महाराजांना अक्षर द्यायचं होतं तर माझ्या तोंडातून अक्षराऐवजी खोकला आला. त्यांना अर्धं पान गाळावं लागलं. मी स्वतःहून व्यवस्थापकाकडे गेले. तो आधी कानात घालायच्या यंत्राविषयी बोलला. महाराज म्हणाले, "माझ्या कानात यंत्र? उद्या पाठीला चावी लावाल." मग एक मुलगी आणली आहे. नाट्यशास्त्राची पदवी आहे, गुणी आहे, उच्चार माझ्यापेक्षा शुद्ध आहेत. मी तिला शिकवते आहे, लिहून. श्वास बघ, असं लिहिलं तर तिने विचारलं, "कुठल्या पानावर?"

मी ग्रीनरूममध्ये बसते. तिथे भिंतीवर स्पीकर आहे, स्टेजवरचं ऐकू येतं. खोकला आला तरी कुणाला त्रास नाही.

तू मनाला लावून घेऊ नकोस. तू सांगितलंस तेच योग्य होतं. जीव आधी, खुर्ची नंतर.

ताई

---

१४ नोव्हेंबर

ती. ताईस,

हे पत्र मी तीन वेळा लिहिले आणि तीनही वेळा टपालात टाकले नाही. तू खुर्ची सोडल्याचे कळले त्याच दिवशी लिहायला हवे होते. फोन करायला हवा होता. रिसीव्हर उचलला आणि ठेवला. काल वर्तमानपत्रात आतल्या पानावर वाचले की महाराजांचा प्रयोग दुसऱ्या अंकात 'तांत्रिक अडचणीमुळे' थांबवण्यात आला आणि दौऱ्याचे उरलेले प्रयोग रद्द झाले. आता न लिहिण्याला काही कारण उरलेले नाही.

तू वजन करायला आत गेली होतीस, तेव्हा डॉक्टर मला म्हणाले होते, "या गोळीने काही जणांना कोरडा खोकला येतो. धोका नाही, पण हैराण करतो. त्यांना सांगून ठेवा. आला तर लगेच कळवायचं, आपण गोळी बदलू." हे त्यांनी मला सांगितले, कारण मी तिथे होतो. मी तुला सांगितले नाही, कारण मला तू ठाऊक होतीस. पहिल्या गोळीचा त्रास झाला आणि तू ती फेकून दिलीस. मला वाटले, हिला खोकल्याचे नाव सांगितले तर पहिल्याच ठसक्याला ही गोळीही जाईल. दादाच्या खोलीतला तो वास मला अजून येतो. मी एक बाब वगळली. एकूण हिशेबाच्या मानाने ती क्षुल्लक आहे, असे ठरवले. खोकला काय, खोकल्याने कोणी मरत नाही. तुझ्या व्यवसायात खोकला म्हणजे काय, हे मला तुझ्या जूनच्या पत्रावरूनच कळायला हवे होते. मी ते वाचले होते, त्याचे कौतुकही केले होते.

ऑगस्टमध्ये तू सरळ विचारलेस. मी जे वाक्य लिहिले त्यातला एकही शब्द खोटा नाही, आणि म्हणूनच ते जास्त वाईट आहे. असे वाक्य एखाद्या संस्थेच्या अहवालात सापडले असते तर मी त्याखाली लाल रेघ ओढून संचालकांना उभे केले असते.

डॉक्टरांना काल जाऊन भेटलो. ते रागावले आणि त्यांनी मला बसायला सांगितले नाही. मी उभ्याने विचारले, कारकुनाचा हात धरल्याने घसा का खवळतो? त्यांनी सांगितले ते असे. त्या कारकुनाकडे एक नव्हे, दोन कामे असतात. एक, हुकुमावर शिक्का मारणे. दुसरे, ब्रॅडिकायनिन नावाचा एक पदार्थ वेळच्या वेळी निकाली काढणे. आपण त्याचा हात धरला तो पहिल्या कामासाठी, पण अडली दोन्ही कामे. तो पदार्थ श्वासनलिकांत साचत गेला आणि तिथल्या मज्जातंतूंना डिवचत राहिला. गोळी सुरू आहे तोवर गुळण्या, वाफ, मध, पडदे धुणे, सारे व्यर्थ. चौथ्या प्रकारची एक गोळी आहे. ती कारकुनाला हात लावत नाही. शिक्का पडू देते, हुकूम निघू देते. फक्त तो जिथे बजावायचा त्या वाहिनीचे दार लावून घेते. दुसरे काम बिनबोभाट चालू राहते, म्हणून तिने सहसा खोकला येत नाही.

डॉक्टरांनी तुझ्या मुक्कामी असलेल्या त्यांच्या परिचित डॉक्टरांना कळवले आहे. ते सोमवारी तुझ्याकडे येतील. तोवर गोळी आपणहून थांबवू नयेस, असा त्यांचा निरोप आहे. हा निरोप त्यांचा आहे, माझा नाही. माझ्या शब्दावर विसंबून आता तू काही करावेस, अशी अपेक्षा ठेवण्याचा मला अधिकार नाही.

वेळेवर शब्द पुरवणे हे तुझे काम होते. माझ्याजवळ एकच शब्द होता.

धाकटा

---

२ डिसेंबर

गोळी बदलली. दहा-बारा दिवसांत खोकला निम्मा झाला. काल रात्री आडवी झोपले.

त्या प्रयोगाचं वर्तमानपत्रात आलं ते खोटं आहे. यंत्र बिघडलं नव्हतं. दुसऱ्या अंकात दरबार भरतो, महाराज सिंहासनावरून उठतात आणि म्हणतात, "माझ्या राज्यात..." तिथे अडले. मुलीने वाक्य दिलं. पूर्ण, स्पष्ट, बरोबर. मला ग्रीनरूममध्येसुद्धा ऐकू आलं. पुन्हा दिलं. ते वळले आणि विंगेकडे बघत राहिले, असं तिने मला नंतर सांगितलं. मग स्पीकरवर त्यांचा आवाज आला, घरात बोलतात तसा.

"ती कुठं आहे?"

लोकांना वाटलं संवादच आहे. टाळ्या पडल्या. ते आणखी एकदा म्हणाले, आणि आणखी टाळ्या पडल्या. मी ग्रीनरूममधून धावले, पण बोळात खोकला लागला आणि भिंतीला धरून बसावं लागलं. मी पोचले तोवर पडदा टाकला होता. ते सिंहासनापाशी उभे होते, मुकुट हातात घेऊन. ती बिचारी मुलगी रडत म्हणत होती, "मी दिलं होतं हो, बरोबर दिलं होतं."

जानेवारीचा प्रयोग होणार नाही. सत्कार घरी येऊन करतील म्हणतात. वहिनींनी नको म्हणून कळवलं आहे.

तुझं दोन कामं करणाऱ्या कारकुनाचं समजलं. छान समजावलं आहेस. तू नेहमीच छान समजावतोस. पण मला समजावून नको होतं रे. "खोकला आला तर कळव" एवढं हवं होतं. मी गोळी फेकली असती, असं तू ठरवलंस. कदाचित फेकली असती. कदाचित डॉक्टरांना फोन केला असता आणि त्यांनी ऑगस्टमध्येच ही चौथी दिली असती. आता दोघांनाही कळायला मार्ग नाही.

मी काही दिवस लिहिणार नाही. तब्येत ठीक आहे.

---

६ जानेवारी

ती. ताईस नमस्कार.

उत्तराची अपेक्षा न ठेवता लिहितो. चौथ्या गोळीविषयी डॉक्टरांनी जे जे सांगितले ते सर्व खाली देत आहे; या वेळी काहीही वगळलेले नाही आणि कशाला मोठे, कशाला किरकोळ म्हणायचे, हे मी ठरवलेले नाही.

झटकन उठून उभे राहिल्यास भोवळ येऊ शकते. रक्तातले पोटॅशियम वाढू शकते आणि मूत्रपिंडांवर ताण येऊ शकतो, म्हणून ठरावीक काळाने रक्त तपासावे लागते. मिठाऐवजी मिळणारे पर्यायी मीठ त्यांना विचारल्याशिवाय खाऊ नये. सांधेदुखीच्या गोळ्या आपणहून घेऊ नयेत. क्वचित ओठ किंवा चेहरा सुजतो. तसे झाल्यास तात्काळ रुग्णालयात जावे. क्वचित हिनेही खोकला येतो. पैकी काहीही झाले तर त्यांना थेट कळवावे, मला नव्हे. त्यांचा घरचा क्रमांक सोबत आहे. तो मी मागितला तेव्हा ते म्हणाले, "त्यांना द्या. तुम्ही ठेवू नका."

मी ठेवलेला नाही.

परवा तुझ्या शहरात शेवटचा प्रयोग व्हायचा होता. मी जूनमध्येच रजेचा अर्ज करून ठेवला होता. तो मंजूर होऊन आला. ती रजा मी घरी बसून घालवली.

धाकटा

---

२० फेब्रुवारी

बाळा,

खोकला पूर्ण गेला. रक्त तपासलं, सगळं जागच्या जागी आहे. तुझं पत्र गोळ्यांच्या डब्यात ठेवलं आहे. वहिनींनी वाचलं आणि म्हणाल्या, "हे पत्र आहे की खरेदीखत?" बऱ्याच दिवसांनी हसल्या, म्हणून तुला कळवते.

मी रोज दुपारी महाराजांकडे जाते. आता घरातले शब्दही जायला लागलेत. भांडं, चप्पल, खिडकी. वहिनी पूर्ण शब्द सांगतात आणि ते चिडतात, "मला ठाऊक आहे." मी एक खुर्ची त्यांच्या उजव्या हाताला, जरा मागे ओढून घेतली, विंगेत असायची तशी. श्वास अडला की पहिलं अक्षर देते. "खि" म्हटलं की "खिडकी उघडा" म्हणतात, अगदी राजासारखं. वहिनी पाठ फिरवून खिडकी उघडतात.

त्यांनाही दाबाची गोळी आहे, तुझी ती दुसरी, घोटे सुजवणारी. रोज विचारतात, ही कशासाठी? मी रोज तुझी नळ्यांची गोष्ट सांगते. कारकुनाची सांगत नाही.

काल त्यांनी वळून माझ्याकडे बघितलं आणि मला हाक मारायला तोंड उघडलं. श्वास अडला. मी ओळखलं. माझंच नाव हवं होतं त्यांना. पहिलं अक्षर माझ्या ओठांवर होतं आणि मी ते दिलं नाही. सगळी हयात शब्द देण्यात गेली, आणि हा एकच दिला नाही. वाटलं, आपण होऊन आला तर? आणि दिल्यावरही नाही आला, तर? दिला नाही तोवर तरी माझ्याकडे काहीतरी शिल्लक होतं.

तेव्हा तू आठवलास. जवळचा शब्द माणूस का देत नाही, ते मला तिथे बसल्या बसल्या कळलं. माफ केलं असं लिहीत नाही. कळलं, एवढंच.

मग महाराजांनी खुर्चीकडे पाहिलं, माझ्या गळ्याकडे पाहिलं, आणि अगदी हळू, दुसऱ्या कुणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "खोकला गेला वाटतं तुझा."

नाव नाही आलं. पण हे मी दिलेलं नव्हतं.

रजा मिळाली तर ये. त्यांना खोकल्याचं कुणीतरी नीट समजावून सांगायला हवं, कारकुनासकट.

ताई